भुसा ड्रममध्ये, धूळ नाकात: घरच्या वर्कशॉपसाठी सायक्लोन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला गच्चीवर दहा बाय बाराची खोली आहे. तिथे टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत), राउटर (लाकडात खाचा आणि कडा कोरणारं मशीन) आणि ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपरने घासणारं मशीन) आहे. १४०० वॅटचा ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर मशीनला जोडता, पण पंधरा-वीस मिनिटांत फिल्टर बुजतो आणि ओढ जाते. मशीन आणि व्हॅक्यूमच्या मधे बसवायचा, भुसा वेगळा काढून ड्रममध्ये टाकणारा सायक्लोन विकत घ्यावा की घरी करावा? आणि तो बसवल्यावर मास्कची कटकट संपेल का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण ते लहान आहे. नाही, संपणार नाही. सायक्लोन तुमचा फिल्टर वाचवेल. फुप्फुस वाचवायचं काम तो जवळपास करत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. भोसरीत डक्टिंगच्या, म्हणजे कारखान्यातली हवा वाहणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांच्या कामात माझी बावीस वर्षं गेली आणि घरी लाकूडकामाचं वेड त्याहून जुनं. या एका गैरसमजावर लोकांनी घातलेले पैसे मी बरेच पाहिले आहेत. चकचकीत सायक्लोन आणायचा, ड्रममध्ये साठलेला भुसा बघून खूश व्हायचं, आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर एमडीएफचा (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेल्या फळीचा) रंग.

आता सायक्लोन करतो काय ते बघू. खळ्यावर धान्य उपणताना वारा हलकं भूस लांब नेतो आणि दाणा पायाशी पडतो. इथे वाऱ्यालाच गोल फिरवलंय, एवढाच फरक. हवा वरच्या नळकांड्यात भिंतीला घासून शिरते, गरगरत खाली जाते. जड कण भिंतीवर फेकले जातात, घसरत नरसाळ्यातून ड्रममध्ये पडतात. आणि हवा तळाशी उलटून मधल्या नळीने वर निघून व्हॅक्यूमकडे जाते. तुमच्या व्हॅक्यूमला फिल्टर स्वच्छ असताना सेकंदाला साधारण ४० लिटर हवा ओढता येते असं धरू. १५० मिमी व्यासाच्या सायक्लोनमध्ये ती सेकंदाला १८ मीटर वेगाने शिरते. हिशोब केला तर त्या वळणावर भुशाच्या कणाला गुरुत्वाकर्षणाच्या चारशेपट जोर भिंतीकडे ढकलतो. म्हणूनच टेबल सॉचा दाणेदार भुसा आणि राउटरचे तुकडे जवळजवळ सगळे खाली बसतात.

पण कण बारीक होत गेला की त्याचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटतं आणि हवेचा अडथळा मात्र तेवढा घटत नाही. याच सायक्लोनचा कागदावरचा हिशोब सांगतो की ३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण निम्मे पकडले जातात आणि निम्मे निसटतात. प्रत्यक्षात गळती, खडबडीत जोड, कमी पडलेला वेग यांमुळे आकडा त्याहून वाईटच येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे जी धूळ डोळ्याला दिसत नाही आणि फुप्फुसात खोल जाते, नेमकी तिच्यापुढे सायक्लोन हात टेकतो. वजनाने ती धूळ नगण्य असते, त्यामुळे ‘९९ टक्के भुसा पकडतो’ ही जाहिरात खोटीही नसते. उरलेला एक टक्का कुठला, ते जाहिरात सांगत नाही.

मग सायक्लोन लावायचा कशाला? ओढीसाठी. फिल्टर बुजला की हवा कमी वाहते. हवा कमी वाहिली की सँडरच्या तळाशी, सॉच्या पात्याशी धूळ पकडली जात नाही आणि ती खोलीत उडते. सायक्लोनमुळे फिल्टर तासन् तास मोकळा राहतो आणि पहिल्या मिनिटाची ओढ शेवटच्या मिनिटालाही मिळते. आडवळणाने का होईना, आरोग्याला त्याचा उपयोग होतो तो इतकाच. पण त्यासाठी पुढचा फिल्टर चांगला हवा. व्हॅक्यूमबरोबर आलेला स्पंजचा किंवा कापडी फिल्टर काढून हेपा दर्जाचं, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारं कार्ट्रिज घ्या, आणि शक्य असेल तर आत न विणलेल्या कापडाची पिशवीही ठेवा. सायक्लोन नसताना या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत, कारण तासाभरात भरतात. सायक्लोन लावला की महिनोन् महिने चालतात. माझ्या मते घरगुती सायक्लोनची किंमत इथे वसूल होते.

घ्यावा की करावा? तुमच्या मशीनांकडे बघून सांगतो: पहिला विकत घ्या. प्लास्टिकचे ओतीव छोटे सायक्लोन ऑनलाइन मिळतात. आतून गुळगुळीत असतात, आणि घरी केलेल्या पहिल्या पत्र्याच्या सायक्लोनपेक्षा बहुधा चांगलेच चालतात. तुमची मेहनत ड्रम, जोड आणि नळ्यांवर घाला. नव्वद टक्के अपयश तिथेच असतं. पण तुम्ही ‘करून बघायची हौस आहे’ असंही लिहिलंय, म्हणून मापं देतो.

सी. जे. स्टेअरमंड यांनी १९५१ साली मांडलेली प्रमाणं आजही कारखान्यांतल्या सायक्लोनना वापरली जातात, आणि गंमत म्हणजे ती आपल्या व्हॅक्यूमला झकास बसतात. नळकांड्याचा व्यास १५० मिमी धरा. मग आत येणारं तोंड ७५ मिमी उंच आणि ३० मिमी रुंद, मधली नळी ७५ मिमी व्यासाची, सरळ नळकांडं २२५ मिमी उंच, खालचा शंकू ३७५ मिमी, आणि तळाचं भोक ५६ मिमी. त्या तोंडाचं क्षेत्रफळ २२५० चौरस मिमी, आणि ५० मिमी आतल्या व्यासाच्या नळीचं १९६३. म्हणजे नळीतून सायक्लोनमध्ये शिरताना हवेला फार दबावं लागत नाही की फार पसरावं लागत नाही.

शंकूचा पत्रा कापताना लोक गडबडतात. कागदावर ६०३ मिमी आणि २२५ मिमी त्रिज्येच्या दोन कमानी एकाच केंद्रातून काढा, ४५ अंशांचा तुकडा घ्या, जोडासाठी एका बाजूला १० मिमी सोडा. वळवलं की वर १५० आणि खाली ५६ येतं. आधी पुठ्ठ्यावर करून बघा. २४ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा पुरतो. धान्याच्या कोठ्या करणारा पत्र्याचा कारागीर गाठलात तर तो चहा थंड व्हायच्या आत वळवून झाळून देतो. जोड मात्र बाहेरून द्यायला सांगा. आत झाळाचा एक थेंब जरी उभा राहिला तर भुसा तिथे आपटून पुन्हा हवेत मिसळतो. बोट आतून फिरवून बघा, कुठेही नख अडकता कामा नये.

आत येणाऱ्या तोंडासाठी माझी युक्ती: ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यायचा, एक टोक हीट गनने मऊ करायचं आणि आत कडा गोल केलेला लाकडी ठोकळा सरकवून दोन फळ्यांत दाबायचं. आतून साधारण ७० बाय २८ चं चपटं तोंड मिळतं. हे काम खोलीबाहेर करा, पीव्हीसी जास्त तापला की त्याचा धूर वाईट. हे चपटं तोंड नळकांड्याच्या भिंतीला घासूनच शिरलं पाहिजे. आत टोक बाहेर आलेलं ठेवू नका, भिंतीच्या वळणाप्रमाणे कापून सपाट करा. आणि मधली नळी या तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा बोटाच्या पेराएवढी तरी खाली उतरू द्या. ती आखूड राहिली तर नुकती आलेली धूळ गोल न फिरता सरळ वर पळते. माझ्या पहिल्या सायक्लोनमध्ये मी ती दोन इंच आखूड ठेवली होती आणि महिनाभर पत्र्याच्या कारागिराला दोष देत बसलो होतो.

आता ड्रम. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी आपटलोय.

सगळे २० लिटरची रंगाची बादली वापरतात. मीही वापरली. झाकणाला भोक पाडलं, सायक्लोन बोल्टने बसवला, कडेला सिलिकॉन लावलं. दोन आठवडे छान चाललं. एका रविवारी दुपारी राउटर आवरून जमीन झाडत होतो आणि नळीचं तोंड प्लायच्या एका तुकड्यावर पूर्ण चिकटलं. दुसऱ्या क्षणाला ‘धप्प’ असा आवाज. बादली मधोमध कंबर आवळल्यासारखी चिरमटली, झाकण तिरकं झालं आणि सायक्लोन कपाटावर आदळला. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, ‘अहो, सिलिंडर फुटला का?’

का झालं असं? व्हॅक्यूमचं तोंड पूर्ण बंद केलं की आत सुमारे २० किलोपास्कल इतकी पोकळी तयार होते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोहून थोडा कमी जोर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: झाकणावर जवळजवळ १४० किलो. तेवढाच दाब बादलीच्या पातळ भिंतीवर सगळीकडून. दोन माणसं झाकणावर उभी करून बघायची तुमची तयारी नसेल, तर एकटी बादली वापरू नका.

एक उपाय म्हणजे एकात एक अशा दोन-तीन बादल्या. बरा आहे, पण कामचलाऊ. मी आता ५० लिटरचा निळा जाड ड्रम वापरतो, ज्याच्या झाकणाला लोखंडी कडं आणि कुलपी खटका असतो तो. जुना घेत असाल तर आत काय होतं ते विचारूनच घ्या. वास मारणारा, लेबल खरवडलेला ड्रम स्वस्त मिळाला तरी नको. घरच्या खोलीत कुठलं रसायन आणतोय याचा पत्ता नसतो. खाद्यतेल, लोणचं, अर्क असल्या मालाचा असेल तर साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला की काम झालं. शिवाय व्हॅक्यूमच्या बाजूच्या नळीला एक दाबमुक्तीची सोय करा: २० मिमीचं भोक, त्यावर रबराची चकती आणि हलकी स्प्रिंग. ओढ नेहमीपेक्षा फार वाढली की चकती आत उघडते, हवा शिरते आणि ड्रम वाचतो.

ड्रमचं दुसरं दुखणं गळतीचं. गळती कुठेही वाईटच, पण ड्रमच्या झाकणाशी आणि शंकूच्या तळाशी ती जीवघेणी. सायक्लोनच्या मधोमध, अगदी खालपर्यंत, दाब सगळ्यात कमी असतो. ड्रममध्ये सुईएवढ्या फटीतून हवा शिरली तरी तिला बाहेर पडायला वाट एकच: शंकूच्या भोकातून वर, मधल्या नळीने थेट फिल्टरकडे. जाताना ती ड्रममधली तयार धूळ उचलून नेते. ‘सायक्लोन बसवला तरी फिल्टर बुजतोच’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी सायक्लोन बघतच नाही, आधी झाकणाची कड चाचपतो. दहातल्या सात वेळा दोष तिथे सापडतो. झाकणाच्या खोबणीत दरवाजाला लावतात तशी बंद पेशींची रबरी पट्टी लावा. साधी स्पंजसारखी पट्टी नको, ती हवा पिते.

गळती शोधायला पूर्वी मी उदबत्ती फिरवायचो, धूर कुठे ओढला जातो ते बघत. एकदा पेटलेलं टोकच फटीतून आत गेलं. ड्रम नशिबाने नुकताच रिकामा केला होता. तेव्हापासून उदबत्ती बंद. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी पेन्सिलीला चिकटवा, व्हॅक्यूम चालू करा आणि पट्टी प्रत्येक जोडावरून सावकाश फिरवा. जिथे ती आत चिकटते तिथे सिलिकॉन.

सायक्लोन तुमच्यासाठी चुकीचा ठरेल असा एक प्रसंग आहे. पुढेमागे थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधून देणारं मशीन) घेतलात किंवा हातरंध्याचे लांब कुरळे छिलके ओढायचे असतील, तर ५६ मिमीचं ते भोक अर्ध्या मिनिटात बुजतं. छिलके एकमेकांत गुंतून टोपी तयार करतात आणि वरचा सगळा शंकू भरत जातो. तुम्हाला कळतं ते फिल्टर भरल्यावर. अशा कामाला थिएन बॅफल बरा. हा फिल थिएन नावाच्या अमेरिकन हौशी कारागिराचा उपाय: शंकूच नाही, ड्रमच्या तोंडाशी आडवी लाकडी तबकडी, तिच्या कडेला साधारण २८ मिमी रुंदीची फट, तीही पूर्ण वर्तुळभर नाही तर २४० अंशांत. उरलेले १२० अंश बंद, आणि तो बंद भाग हवा आत येते तिथे, म्हणजे येणारा झोत थेट खाली घुसत नाही. भुसा भिंतीने फिरत फटीतून खाली पडतो, आणि तबकडीमुळे खालची धूळ वर उठत नाही. बारीक धुळीत तो सायक्लोनपेक्षा मागे पडतो, उंची मात्र खूप वाचते. १२ मिमी प्लायमध्ये जिगसॉने एका दुपारचं काम आहे. एकच पथ्य: भुसा तबकडीपासून वीतभर खाली असतानाच ड्रम रिकामा करायचा.

पण थिकनेसरला मुळात व्हॅक्यूम पुरत नाही, हेही सांगून ठेवतो. व्हॅक्यूम म्हणजे जोर जास्त, हवा थोडी. चार इंची नळीचा डस्ट कलेक्टर म्हणजे जोर कमी, हवा भरपूर. दोघांचे सायक्लोन वेगळ्या मापाचे. व्हॅक्यूमला ‘मोठी नळी बरी’ म्हणून चार इंची पाइप जोडणारे भेटतात. ४० लिटर हवा १०० मिमीच्या पाइपात सेकंदाला पाच मीटरने रांगते, भुसा वाटेतच बसतो आणि पाइप आडवा भरत जातो. लाकडाचा भुसा वाहता राहायला वीसेक मीटरचा वेग लागतो आणि तो या हवेला ५० मिमीच्या नळीत मिळतो. उलट व्हॅक्यूमबरोबर आलेली ३२ मिमीची नळी फार अरुंद: तेवढीच हवा तिच्यातून न्यायला ५० मिमीच्या मानाने सुमारे नऊपट जोर खर्ची पडतो. म्हणून मुख्य नळी ५० ची ठेवा, आणि सँडरपाशी शेवटचे दोन-तीन फूट फक्त बारीक, लवचीक नळी.

जोडांचं माप ही आपल्याकडची खरी डोकेदुखी. पीव्हीसी पाइपचं माप बाहेरच्या व्यासाचं, व्हॅक्यूमच्या नळीचं कधी आतल्या तर कधी बाहेरच्या, आणि मशीनच्या तोंडाचं कंपनीच्या मनाचं. हार्डवेअरच्या दुकानात मशीनचं तोंड नेऊन उभं राहिलं की दुकानदार ‘साहेब, हे नेमकं कशाला?’ म्हणतो. मी थोडं मोठं-लहान चालवून घेतो आणि मधे सायकलची जुनी ट्यूब ओढून दोन्ही बाजूंनी होज क्लिप आवळतो. वळणाला एक काटकोनी एल्बो न लावता ४५ अंशांचे दोन लावा, मधे वीतभर सरळ पाइप. भुसा कोपऱ्यात थबकत नाही.

आता बारीक धुळीकडे वळतो, म्हणजे तुमच्या मास्ककडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. संबंध मुख्यतः नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी आहे, आणि तो वर्षानुवर्षं धुळीत काम केलेल्यांमध्ये दिसला. रविवारी दोन तास काम करणाऱ्याने घाबरून रंधा टाकून द्यावा असं काही नाही. पण सागाच्या धुळीने अनेकांची कातडी खाजते, शिसमाने काहींचा दमा उठतो, आणि एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर फॉर्माल्डिहाइडचा डिंकही असतो. यातलं काहीही रुमाल बांधून थांबत नाही.

स्वच्छ दिसणारी हवा किती फसवते तेही बघा. शांत हवेत १० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून खाली यायला आठेक मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा दोन तासांहून जास्त. तुम्ही सँडर बंद करून मास्क काढता, चहा घेता, खोली छान दिसते, आणि सगळ्यात वाईट धूळ तेव्हाही नाकाच्या उंचीवर तरंगत असते. म्हणून मास्क सँडिंग संपल्यावरही निदान अर्धा तास तरी राहू द्या, किंवा सरळ खोलीबाहेर या. मास्क एन९५ किंवा आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी २. नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर कडेने गळतो, हेही ध्यानात ठेवा.

इथे मी एक गोष्ट तुम्हाला पाश्चात्त्य व्हिडिओंच्या उलट सांगणार आहे. तिकडे खोली तापवलेली असते, हवा बाहेर टाकली तर ऊब जाते. म्हणून ते महागडे फिल्टर लावून तीच हवा परत खोलीत सोडतात. नाशिकला कसली ऊब वाचवायची आहे? व्हॅक्यूमच्या मागच्या तोंडाला नळी लावून ती खिडकीबाहेर काढा आणि समोरच्या भिंतीत बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवून सँडिंग करताना चालू ठेवा. दार फटीएवढं उघडं ठेवा, म्हणजे ताजी हवा शिरायला वाट राहते. फिल्टरमधून जे निसटतं ते खोलीबाहेरच पडतं. फक्त गच्चीवर कोणाचं वाळवण नाही ना, ते बघून. मी उन्हाळ्यात हे विसरलो होतो आणि शेजारच्या साबुदाण्याच्या पापडांवर सागाची झाक आली. ते पापड मी विकत घेतले, म्हणजे घ्यावेच लागले.

आणि सँडरखाली जाळीचा पेपर वापरा. साध्या पॉलिश पेपरला आठ-दहा भोकं. जाळीच्या पेपरला सगळीकडून हवा. एवढ्या एका बदलाने माझ्याकडे टेबलावर उडणारी धूळ जितकी कमी झाली तितकी सायक्लोनने झाली नव्हती. धूळ जिथे निघते तिथेच धरा.

विजेचं थोडक्यात. १४०० वॅटचा व्हॅक्यूम आणि १८०० वॅटचा टेबल सॉ एकत्र म्हणजे १४ अँपिअर. हे ६ अँपिअरच्या पॉइंटवर, पांढऱ्या एक्स्टेन्शन बोर्डातून कधीही नाही. शक्य तर दोन वेगळे १६ अँपिअरचे पॉइंट घ्या, आणि आधी व्हॅक्यूम, तो वेगात आला की सॉ. सायक्लोनमधून कोरड्या हवेत भुसा घासत गेला की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि कडाक्याच्या थंडीत हाताला चांगला चटका देते. उघडी तांब्याची तार नळीवर गुंडाळून व्हॅक्यूमच्या अर्थ केलेल्या धातूच्या भागाला जोडली की त्रास बराच कमी होतो. भुशाच्या स्फोटाची भीती इंटरनेटवर फार घातली जाते. लाकडाच्या धुळीचा स्फोट व्हायला एक घनमीटर हवेत साधारण ४० ग्रॅम धूळ लागते, एवढ्या धुक्यात तुम्हाला समोरचा सॉ दिसणार नाही. खरी भीती आगीची आहे. त्याच व्हॅक्यूमने ग्राइंडरच्या ठिणग्या ओढू नका. जुन्या दाराच्या लाकडात खिळा लपलेला असतो, तो सॉवर आला आणि ठिणगी उडाली, तर काम थांबवून ड्रम उघडून बघा. ठिणगी भुशाच्या पोटात तासभर धुमसते आणि तुम्ही जेवायला गेल्यावर पेट घेते. रात्री ड्रम भरलेला ठेवून खोली बंद करायची नाही, ही सवय मी एका मित्राच्या जळक्या वासाच्या खोलीवरून घेतली.

पावसाळ्यात भुसा ओल धरतो. शंकूच्या तळाशी लगदा चिकटून भोक आकसतं, ड्रममध्ये चार दिवसांत बुरशी. जून ते सप्टेंबर मी दर कामानंतर ड्रम रिकामा करतो आणि शंकूला बाहेरून लाकडी मोगरीने दोन-तीन टिचक्या देतो. पेपर फिल्टर ओला असताना झटकू नका, घड्या फाटतात, आधी वाळवा.

निघालेल्या भुशाचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. पूर्वी लोक वखारीतून भुसा आणून भुशाच्या शेगडीत बाटलीभोवती ठासून भरायचे आणि त्यावर अंघोळीचं पाणी तापायचं. आता ते फारसं कोणी करत नाही. सागाचा, आंब्याचा निखळ भुसा वेगळ्या ड्रममध्ये ठेवा. दिवाळीच्या आधी मोठ्या रांगोळ्या काढणारी मुलं रंगवायला घेऊन जातात, बागेतल्या खतातही थोडा-थोडा चालतो. एमडीएफ आणि प्लायचा मात्र यातल्या कशालाही नको. तो पिशवीत बांधून कचऱ्यात. जाळायचा तर नाहीच.

पुढच्या रविवारी एवढं करून बघा: ड्रम आणि सायक्लोन जोडा, रिकामी पिशवी किचनच्या काट्यावर मोजून व्हॅक्यूममध्ये ठेवा. मग टेबल सॉखालचा दोन किलो भुसा नळीने ओढून घ्या आणि पिशवी पुन्हा मोजा. काटा दहा-वीस ग्रॅमच्या आत हलला तर तुमचे जोड जमले. पन्नासच्या वर गेला तर सायक्लोन बदलायला धावू नका, पतंगाचा कागद घेऊन झाकणाकडे जा. आकडा काय आला ते मला कळवा. सोबत तुमच्या सँडरच्या तोंडाचं आतलं आणि बाहेरचं माप पाठवा, कारण ३५ आणि ३८ मिमीच्या मधलं काहीतरी निघणार आणि त्यासाठी ट्यूब कुठल्या सायकलची घ्यायची ते मला विचारावंच लागेल.